धुरक्याचे कोडे सोडविणारा रसायनज्ञ

माणगाव : अननसाला त्याचा खास स्वाद कशामुळे येतो, याचा माग काढणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाने पुढे मोटारीच्या धुरापासून विषारी हवा कशी तयार होते, हे कोडे सोडविले. नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे उपकरण बसविणे सक्तीचे होते, इंधनाचे आणि इंजिनाचे निकष दर काही वर्षांनी कडक केले जातात, हवेतील ओझोन मोजला जातो. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एका माणसाने प्रयोगशाळेत केलेले साधेसे निरीक्षण आहे. त्यांचे नाव आरी यान हागेन-स्मिट. जन्माने डच, कर्माने अमेरिकी आणि पेशाने वनस्पतींच्या सुगंधाचा अभ्यासक असलेल्या या प्राध्यापकाने तेल कंपन्या आणि मोटार उद्योग या दोन बलाढ्य शक्तींचा रोष पत्करून आपले म्हणणे सिद्ध केले. मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावसारख्या गावाला हा माणूस दूरचा वाटेल. परंतु त्यांनी सांगितलेले रसायनशास्त्र या गावाच्या वेशीवरून रोज जाते-येते.

टांकसाळीतल्या रसायनज्ञाचा मुलगा

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे झाला. वडील तेथील शाही टांकसाळीत रसायनज्ञ होते. त्यामुळे रसायनशास्त्राची ओळख त्यांना घरातच झाली. शिक्षण उट्रेख्ट विद्यापीठात झाले आणि १९२९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता टर्पीन वर्गातील संयुगे. पाइनच्या झाडाचा वास, लिंबाच्या सालीचा दरवळ, कापूर, पुदिना यांच्यामागे हीच संयुगे असतात. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले लिओपोल्ड रुझिका त्या काळात उट्रेख्टमध्ये प्राध्यापक होते आणि टर्पीनांच्या रचनेचा अभ्यास तेथे जोमात सुरू होता.

डॉक्टरेटनंतर हागेन-स्मिट वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांकडे वळले. रोपाचे टोक प्रकाशाकडे का झुकते, या जुन्या प्रश्नाचे उत्तर उट्रेख्टमध्येच फ्रिट्स वेंट या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने ओटच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग करून शोधले होते. वाढ घडविणारा तो पदार्थ नेमका कोणता, हे शोधण्याचे काम रसायनज्ञांवर आले. फ्रिट्झ क्योगल यांच्या प्रयोगशाळेत हागेन-स्मिट यांनी या कामात भाग घेतला आणि १९३४ मध्ये इंडोल अॅसेटिक अॅसिड हे संयुग वाढीचे संप्रेरक असल्याचे या गटाने दाखवून दिले. कलमे रुजविण्यासाठी रोपवाटिकांमध्ये वापरली जाणारी मुळे फुटण्याची औषधे याच कुळातील आहेत.

१९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, या संस्थेत दाखल झाले. फ्रिट्स वेंट तेथे आधीच पोहोचले होते. १९४० मध्ये हागेन-स्मिट प्राध्यापक झाले. सहकारी त्यांना प्रेमाने हागी म्हणत.

अननसाचा वास आणि धुरक्याचा वास

चाळीसच्या दशकात त्यांनी हाती घेतलेला विषय होता फळांचा स्वाद. फळाचा वास म्हणजे त्यातून सतत बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील संयुगांचे मिश्रण. ही संयुगे इतकी अल्प असतात, की टनावारी फळांतून हाती फक्त काही ग्रॅम येतात. हागेन-स्मिट यांनी सुमारे तीन टन अननसांवर काम केले. अननसांतून निघणारी वाफ अतिशीत नळ्यांमधून नेऊन गोठवायची, जमलेला द्रव वेगळा करायचा आणि त्यातील एकेक घटक ओळखायचा, अशी ती पद्धत होती. काम चिकाटीचे होते. त्यात यंत्राइतकेच महत्त्व नाकाला होते.

या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर मात्र हवा बिघडत चालली होती. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर दाट, तपकिरी पडदा पसरला. डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला, रस्त्यापलीकडचे दिसेनासे झाले. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने हा शत्रूचा वायुहल्ला असल्याची अफवाही उठली. संशय शहरातील कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाईन बनविणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला. पण धुरके गेले नाही. त्यानंतर ते दरवर्षी येऊ लागले आणि त्याचे दिवस वाढत गेले.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यासाठी वायुप्रदूषण नियंत्रण यंत्रणा स्थापन झाली. पूर्वीचा अनुभव लंडन आणि पिट्सबर्ग यांचा होता. त्या शहरांत दगडी कोळसा जळत असे आणि त्यातून निघणारा गंधकाचा धूर धुक्यात मिसळे. धूर आणि धुके यांच्या या मिश्रणालाच इंग्रजीत स्मॉग आणि मराठीत धुरके असे नाव पडले. साहजिकच लॉस एंजेलिसमध्येही अधिकाऱ्यांनी गंधकाच्या धुरावर लक्ष केंद्रित केले. कारखान्यांच्या चिमण्या आणि कचऱ्याचे ढीग यांच्यावर निर्बंध आले. गंधक कमी झाला, तरी डोळे चुरचुरणे थांबले नाही. शिवाय हे धुरके लंडनसारखे थंडीच्या रात्री न येता भर उन्हात, दुपारी दाट होत असे. हा फरक कोणाच्या फारसा लक्षात आला नव्हता.

पहिला सुगावा शेतातून मिळाला. १९४४ पासून लॉस एंजेलिसच्या आसपासचे शेतकरी पालेभाज्यांची पाने चंदेरी किंवा तांबूस होऊन करपत असल्याची तक्रार करू लागले. रिव्हरसाइड येथील संशोधन केंद्रातील वनस्पतिरोगतज्ज्ञ जॉन मिडलटन यांनी हा रोग कीड किंवा बुरशीचा नसून हवेचा असल्याचे ओळखले. गंधकाच्या धुराने पडणारे डाग वेगळे असतात. हे डाग त्यांच्याशी जुळत नव्हते. पालक, बीट, ओट, लसूणघास ही पिके विशेष बळी पडत होती.

वनस्पतींच्या नुकसानीचा हा प्रश्न कॅलटेकपर्यंत आला. उपकरणे बनविणारे प्रसिद्ध रसायनज्ञ आणि कॅलटेकचे माजी प्राध्यापक आर्नल्ड बेकमन यांनी हागेन-स्मिट यांना या कामात लक्ष घालण्यास प्रवृत्त केले. १९४८ मध्ये त्यांनी सुरुवात केली. अननसासाठी वापरलेली शीत-नळ्यांची जुळणी तयारच होती. त्यांनी तीच जुळणी बाहेरच्या हवेला लावली. सुमारे तीस हजार घनफूट हवा अतिशीत नळ्यांमधून खेचल्यावर तळाशी थोडासा तपकिरी, उग्र वासाचा द्रव जमला. तपासणीत त्यात आल्डिहाइड, सेंद्रिय आम्ले आणि पेरॉक्साइड वर्गातील संयुगे आढळली. ही सारी संयुगे पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनांचे अर्धवट ऑक्सिडीकरण झाल्यावर तयार होतात. लॉस एंजेलिसच्या हवेत कोणीतरी पेट्रोलच्या वाफेवर रासायनिक प्रक्रिया करीत होते. तो कोणीतरी म्हणजे सूर्य होता.

सेंद्रिय संयुगांची करामत

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. सेंद्रिय म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे शेणखत आणि विनारसायन भाजीपाला येतो. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय संयुगे म्हणजे कार्बनची संयुगे. पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग, शाई, गोंद, स्वयंपाकाच्या गॅसचे घटक, कचरा जाळल्यावर निघणारे वायू, इतकेच नव्हे तर झाडांचा सुगंध, हे सारे सेंद्रियच. यातील जी सहज वाफ होऊन हवेत मिसळतात, त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात.

धुरक्याच्या निर्मितीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : नायट्रोजनची ऑक्साइडे, बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आणि ऊन. इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याचे पुढे नायट्रोजन डायऑक्साइड होते. धुरक्याला तपकिरी रंग येतो तो या वायूमुळे. उन्हात हा वायू फुटतो आणि त्यातून ऑक्सिजनचा एक सुटा अणू बाहेर पडतो. हा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन तयार होतो.

एवढ्यावरच सारे थांबले असते, तर फारसे बिघडले नसते. कारण तयार झालेला ओझोन नायट्रिक ऑक्साइडवर खर्च होतो आणि चक्र जेथून सुरू झाले तेथेच येऊन थांबते. ओझोन साठत नाही. सेंद्रिय संयुगे या चक्रात शिरली की हिशेब बिघडतो. उन्हात त्यांच्यापासून अत्यंत क्रियाशील असे अल्पायुषी घटक तयार होतात आणि हे घटक नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये करतात. जे काम ओझोनने स्वतः खर्च होऊन करायचे, ते काम सेंद्रिय संयुगे परस्पर उरकतात. परिणामी ओझोन शिल्लक राहू लागतो आणि दुपार होईपर्यंत साठत जातो. सोबत डोळ्यांना झोंबणारी आल्डिहाइडे आणि नायट्रोजनयुक्त पेरॉक्साइड संयुगेही तयार होतात. सूक्ष्म कणांचा धूसर पडदाही यातूनच निर्माण होतो.

या साखळीतील हायड्रॉक्सिल नावाच्या अल्पायुषी घटकाची मध्यवर्ती भूमिका सत्तरच्या दशकात स्पष्ट झाली. डोळे चुरचुरविणारे एक प्रमुख संयुग १९५६ मध्ये अन्य संशोधकांनी ओळखले. हे तपशील नंतर भरले गेले. पण मूळ आराखडा हागेन-स्मिट यांचाच राहिला. पृथ्वीपासून वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असलेला ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. तोच ओझोन श्वासाच्या उंचीवर आला, की फुप्फुसांना इजा करतो आणि पिकांची पाने करपवितो.

हागेन-स्मिट यांनी हे केवळ कागदावर मांडले नाही. बंद कक्षात त्यांनी पेट्रोलची वाफ आणि ओझोन एकत्र केले. कक्षात ठेवलेल्या रोपांच्या पानांवर तंतोतंत तेच डाग उमटले, जे शेतकऱ्यांच्या पिकांवर दिसत होते. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्यावर ऊन पडू दिले, तरीही तोच परिणाम झाला. वासही तोच आला. ओझोन मोजण्यासाठी त्यांनी रबराचा उपयोग केला. ओझोनने ताणलेल्या रबराला भेगा पडतात. लॉस एंजेलिसमध्ये टायर अकाली तडकत असल्याची तक्रार होतीच. रबराची वाकविलेली पट्टी हवेत ठेवायची आणि भेग पडायला किती वेळ लागतो यावरून ओझोनचे प्रमाण ठरवायचे, अशी स्वस्त आणि सोपी पद्धत त्यांनी सहकाऱ्यासह विकसित केली. नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले आणि १९५२ मध्ये त्यांचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

तेल कंपन्यांशी सामना

या निष्कर्षांचा अर्थ सरळ होता. धुरक्याचे उगमस्थान म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांतून उडून जाणारी वाफ आणि प्रत्येक घरापुढे उभी असलेली मोटार. दोषी कोणी एक कारखानदार नव्हता. दोषी शहराची अवघी जीवनपद्धती होती. हे सत्य पचविणे कोणालाच सोपे नव्हते.

तेल कंपन्यांच्या संघटनेने धुरक्यावरील संशोधनाचे काम आधीच स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे सोपविले होते. या संस्थेच्या संशोधकांनी हागेन-स्मिट यांचे निष्कर्ष मान्य केले नाहीत. कॅलटेकमध्येच झालेल्या एका व्याख्यानात त्यांच्या कामावर टीका झाली आणि ती त्यांच्या जिव्हारी लागली. तोपर्यंत धुरके हा त्यांच्या दृष्टीने जोडविषय होता. फळांच्या स्वादाकडे परतण्याचा त्यांचा विचार होता. त्या टीकेनंतर त्यांनी आवडीचे संशोधन बाजूला ठेवले आणि पूर्ण वेळ धुरक्याला दिला. स्वभावाने शांत, बागकामात रमणाऱ्या या प्राध्यापकाने वादाकडे पाठ फिरविली असती, तर कॅलिफोर्नियाच्या हवेचा इतिहास काही वर्षे तरी मागे पडला असता.

पुढील काही वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमधून त्यांचे म्हणणे खरे ठरत गेले. तेलसाठ्याच्या टाक्यांना तरंगती छपरे बसविणे, टँकर भरताना निघणारी वाफ परत पकडणे, असे नियम लॉस एंजेलिसमध्ये लागू झाले. घराच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली. मोटार कंपन्या मात्र बराच काळ जबाबदारी नाकारत राहिल्या. मोटारीतून निघणारा धूर हवेत त्वरित विरून जातो, असा त्यांचा पवित्रा होता. इंजिनाच्या आतल्या कोठीतून गळणारी वाफ पुन्हा इंजिनात नेऊन जाळणारी साधी झडप कॅलिफोर्नियातील मोटारींना साठच्या दशकाच्या सुरुवातीस बसू लागली. प्रदूषण रोखणारी उपकरणे लांबणीवर टाकण्यासाठी मोटार कंपन्यांनी संगनमत केल्याचा खटला अमेरिकेच्या न्याय खात्याने १९६९ मध्ये दाखल केला आणि त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला.

विरोध किती तीव्र होता, याची कल्पना तत्कालीन हवेवरून येते. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ओझोनचे प्रमाण दहा लाख भागांत ०.६ भागांच्याही वर नोंदले गेले. भारतात २००९ मध्ये निश्चित झालेल्या मानकानुसार एका तासासाठी ओझोनची मर्यादा घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम आहे. लॉस एंजेलिसची ती पातळी या मर्यादेच्या सहापटीहून अधिक भरते.

प्रयोगशाळेतून प्रशासनात

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारींच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवण्यासाठी मंडळ नेमले. हागेन-स्मिट त्याचे सदस्य झाले. पुढे १९६७ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्निया हवा संसाधन मंडळ अस्तित्वात आले आणि १९६८ पासून त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडे आले. १९७३ पर्यंत ते या पदावर होते. शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञानेच त्या शोधावर आधारलेले नियम राबवावेत, असा योग विरळा.

या काळात एक शास्त्रीय पेच पुढे आला. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी करण्यासाठी इंजिनात अधिक हवा देऊन इंधन पूर्ण जाळण्यावर भर दिला गेला. त्यामुळे इंजिनातील तापमान वाढले आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली. एक घटक दाबला की दुसरा उसळी घेतो. उपाय दोन्ही बाजूंनी हवा, हे ओळखून मंडळाने १९७१ मध्ये मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांचे निकष लागू केले. अमेरिकेतील ते पहिलेच होते. पाठोपाठ धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १९७५ च्या मोटारींपासून बसू लागले. शिशामुळे हे उपकरण निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही आले.

हीच वाट पुढे भारतानेही चोखाळली. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. या प्रत्येक पायरीमागील मूळ सूत्र पॅसाडिनातील त्या शीत-नळ्यांपर्यंत पोहोचते.

सन्मान आणि अखेर

हागेन-स्मिट १९७१ मध्ये कॅलटेकमधून निवृत्त झाले. १९७३ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. पर्यावरण क्षेत्रातील टायलर पुरस्काराची सुरुवात १९७४ मध्ये झाली; पहिल्या मानकऱ्यांत जॉर्ज एव्हलिन हचिन्सन आणि मॉरिस स्ट्राँग यांच्यासह त्यांचा समावेश होता. एल मॉन्टे येथील हवा संसाधन मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १७ मार्च १९७७ रोजी पॅसाडिना येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शुद्ध हवेसाठी मोलाचे काम करणाऱ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कार देण्याची प्रथा मंडळाने २००१ पासून सुरू केली.

त्यांच्या निधनानंतरच्या दशकांत लॉस एंजेलिसमध्ये लोकसंख्या आणि मोटारी वाढत गेल्या. तरीही ओझोनची कमाल पातळी पन्नासच्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहूनही बरीच खाली आली. प्रश्न संपलेला नाही. अमेरिकेचे ओझोन मानक हे शहर आजही पुरते गाठू शकलेले नाही. पण मोटारी वाढल्या तरी हवा सुधारू शकते, एवढे सिद्ध झाले.

रायगडसाठी धडा

लॉस एंजेलिसच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. कोकणची रचनाही वरवर पाहता अशीच. साम्य येथेच संपते, कारण लॉस एंजेलिसपुढचा सागरी प्रवाह थंड असल्याने तेथील गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वर जाऊ शकत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ढग ऊन अडवितात आणि सरी हवा धुऊन काढतात. चिंता असते ती पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना माणगावात महामार्गावर वाहनांच्या रांगा लागतात. चालू इंजिनांमधून नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळलेले इंधन हवेत जाते. वर रणरणते ऊन असते. धुरक्याचे तिन्ही घटक एका जागी येतात.

रायगड जिल्ह्यात केवळ वाहनेच नाहीत. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, रोह्याजवळची धाटाव आणि महाडची औद्योगिक वसाहत येथे सेंद्रिय रसायनांची उलाढाल मोठी आहे. माणगाव तालुक्यातच विळे-भागाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली. धुराड्यातून निघणारा काळा धूर दिसतो, त्याची तक्रार होते. झडपेतून, टाकीच्या झाकणातून, पिंपातून उडून जाणारी सॉल्व्हंटची वाफ दिसत नाही आणि तिची तक्रारही फारशी होत नाही. हागेन-स्मिट यांच्या संशोधनाचा पहिला धडा हाच, की न दिसणारी वाफ दिसणाऱ्या धुराइतकीच घातक असू शकते.

दुसरा धडा शेतकऱ्यांसाठी आहे. ओझोन तयार व्हायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात वारा हवा पुढे घेऊन जातो. म्हणून सर्वाधिक ओझोन पुष्कळदा वर्दळीच्या चौकात न आढळता तेथून काही अंतरावरील शिवारात आढळतो. धूर शहराचा आणि नुकसान शेताचे, असा हा उलटा न्याय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी अन्य शास्त्रज्ञांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ या वर्षी ओझोनमुळे भारतात सुमारे ३५ लाख टन गहू आणि सुमारे २१ लाख टन तांदूळ कमी पिकल्याचा अंदाज मांडला. कापसाचे सर्वाधिक नुकसान महाराष्ट्रात झाल्याचेही त्यात नमूद आहे. भातावर जगणाऱ्या तालुक्याने हा आकडा नजरेआड करणे परवडणारे नाही.

तिसरा धडा झाडांविषयीचा आहे आणि तो काहीसा चकित करणारा आहे. हागेन-स्मिट यांचे सहकारी फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये असे सुचविले, की दूरच्या डोंगरांवर दिसणारी निळसर झाक झाडांनी सोडलेल्या टर्पीनांपासून येते. हागेन-स्मिट यांच्या प्रबंधाचा विषय असलेलीच ही संयुगे. झाडेही बाष्पनशील सेंद्रिय संयुगे सोडतात, हे आज सर्वमान्य आहे. याचा अर्थ झाडे प्रदूषण करतात, असा काढणे चुकीचे ठरेल. नायट्रोजनची ऑक्साइडे अत्यल्प असतील, तर झाडांच्या सुगंधातून घातक ओझोन साठत नाही. जंगलाच्या कुशीत वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर पोहोचला, की तोच सुगंध धुरक्याचा कच्चा माल बनतो. दोष झाडांकडे नाही, धुराकडे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी रस्ते आणि वसाहती आखताना हे भान ठेवावे लागेल.

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, अनेक शहरांत वाहने थांबली, नायट्रोजनची ऑक्साइडे झपाट्याने घटली. तरीही काही ठिकाणी ओझोन वाढल्याचे दिसून आले. ओझोन खाऊन टाकणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला आणि सेंद्रिय संयुगे मात्र त्या प्रमाणात घटली नाहीत, हे त्याचे एक कारण. कॅलिफोर्नियाच्या मंडळाला अर्धशतकापूर्वी सापडलेला पेच तो हाच. एकाच घटकावर बोट ठेवून हवा शुद्ध होत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

उपायांपैकी बरेचसे साधे आहेत. रांगेत उभे असताना इंजिन बंद करणे, पेट्रोलची टाकी काठोकाठ न भरणे, टाकीचे झाकण घट्ट लावणे, रंग आणि थिनरचे डबे उघडे न ठेवणे, कचरा न जाळणे या गोष्टी प्रत्येकाच्या हातातल्या आहेत. कारखान्यांतील गळती शोधणे, पेट्रोल पंपांवर वाफ परत पकडणे आणि ओझोनचे मोजमाप शिवारापर्यंत नेणे ही कामे यंत्रणांची आहेत. लॉस एंजेलिसच्या शेतकऱ्यांनी करपलेल्या पानांची तक्रार केली, ती एका शास्त्रज्ञाने मनावर घेतली आणि त्यातून जगाला वायुप्रदूषणाचे नवे शास्त्र मिळाले. पानांवरचे डाग वाचणारी नजर आणि ते वाचून गप्प न बसण्याचा स्वभाव, ही हागेन-स्मिट यांची खरी शिदोरी होती.